अलंकृत चिलखते, यूरोपीय घोडेस्वारांची

यूरोपातील राजे व सरदार यांनी रणांगण, भालाझुंज आणि मिरवणूक यांसाठी घडवून घेतलेली नक्षीदार पोलादी चिलखते. त्यांचा बहराचा काळ साधारणतः इ. स. १४८० ते १६२० असा धरतात. घोड्याची पाखरही (घोड्याचे चिलखत) यातच मोडते. मिलान, आउग्सबुर्ग, न्यूरेंबर्ग, इन्सब्रुक, लांट्सहूट आणि इंग्लंडमधील ग्रिनिच ही मुख्य केंद्रे. रणात वापरायच्या पूर्ण चिलखताचे वजन बहुधा २० ते २५ किग्रॅ. असे. श्रीमंत धनी एकाच नक्षीचे जादा भागही करवून घेत. ते अदलाबदल करून तेच चिलखत लढाईला किंवा झुंजीला चाले.

सजावटीचे मुख्य प्रकार असे : पत्रा आतून ठोकून काढलेले उठावकाम, अम्लरेखन, पाऱ्याच्या साहाय्याने दिलेला सोन्याचा मुलामा, पोलाद तापवून आणलेली निळी किंवा तांबूस झाक, आणि खरवडलेल्या पृष्ठावर सोन्या-चांदीची तार ठोकून बसविण्याचे काम. शेवटचा प्रकार आपल्याकडील कोफ्तगारीशी तंत्राने जवळचा आहे.

यांपैकी अम्लरेखनाच्या उगमाचा प्रश्न सर्वांत वादग्रस्त होय. पोलाद कठीण असल्याने छिन्नीने खोदकाम करणे वेळखाऊ व खर्चिक पडे. त्याऐवजी पत्र्यावर मेण किंवा रोगण चढवून उघड्या ठेवलेल्या जागी तीव्र द्रावण लावले, की धातू तेवढाच खाल्ला जातो. द्रावणात सिरका, मीठ, नवसागर, जंगाल (तांब्याचा हिरवा गंज) यांसारखे पदार्थ असत. जर्मन कारागीर नक्षीच कुंचल्याने रोगणात रंगवीत. त्यामुळे आकृती उंच राही, भोवतीची जमीन खोल जाई आणि तिच्यावर बारीक ठिपके उरत. खोल भागात काजळी भरून नक्षी ठळक करीत. इटालियन कामात ही ठिपक्यांची जमीन सहसा दिसत नाही. तिथे सुईने ओढलेल्या रेषांवर भर असतो. तुकडा कोणत्या प्रदेशाचा हे ठरवताना जाणकार प्रथम ही जमीनच पाहतात.

या तंत्राचे जनकत्व पूर्वी आउग्सबुर्गच्या डानिएल होप्फरकडे (सु. १४७०–१५३६) दिले जाई. तो १४९३ मध्ये काउफबॉयरेनहून आउग्सबुर्गला आला. चिलखतांवर अम्लरेखन करता करता त्याने लोखंडी पत्र्यांवरून कागदावर चित्रेही छापली. मात्र त्याच्या आरंभीच्या मुद्राचित्रांवर सन नाही. सन असलेले सर्वांत जुने ज्ञात अम्लमुद्राचित्र स्विस कलावंत उर्स ग्राफ याचे, १५१३ मधील आहे. शिवाय पॅरिसच्या जेहान ल बेग याने १४३१ मध्ये संकलित केलेल्या हस्तलिखितात लोखंड खाणाऱ्या पाण्याची कृती आढळते. तेव्हा होप्फर हा तंत्राचा शोधक नसून, शस्त्रकारांच्या कर्मशाळेतील विद्या छापखान्यात नेणारा दुवा होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जर्मन चित्रकार ड्यूररनेही १५१५ ते १५१८ च्या दरम्यान आपली अम्लमुद्राचित्रे लोखंडी पत्र्यांवरच केली. होप्फरच्या स्वाक्षरीची १५३६ ची एक ढाल माद्रिदच्या राजशस्त्रागारात आहे.

दुसरा वाद सोने आणि पोलादाचे पाणी (तापवून एकदम थंड करून आणलेला कठीणपणा) यांच्या नात्याचा. सोने-पाऱ्याचे मिश्रण पत्र्याला लावून तापवले, की पारा उडून सोने मागे राहते. पारा सुमारे ३५७° से. ला उकळतो आणि तितक्या उष्णतेने पाणी दिलेल्या पोलादाचे पाणी उतरते. धातुशास्त्रज्ञ अॅलन विल्यम्स यांनी जुन्या चिलखतांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवरून असे मांडले, की मुलाम्याची मागणी वाढली तसे सोळाव्या शतकात इटालियन कारागिरांनी पाणी देणेच बहुतांशी सोडले. उलट इन्सब्रुक व आउग्सबुर्ग येथे आधी पोलाद पुरते कठीण करून मुलाम्याच्या आचेतच ते बेताचे नरम करण्याची हातोटी साधली होती. पुढे ग्रिनिचलाही ती आली. अलंकार म्हणजे निव्वळ दिखावा, या समजाला हा पुरावा छेद देतो. पाऱ्याच्या वाफांनी मुलामागारांच्या देहाचे काय झाले असेल, याचीही इथे जाणीव ठेवायला हवी.

उठावकामात मिलानच्या नेग्रोली घराण्याचा हात धरणारे विरळा. आउग्सबुर्गच्या डेसिडेरिउस हेल्मश्मिटने स्पेनचा युवराज फिलिप याच्यासाठी १५५२ मध्ये पूर्ण केलेल्या ढालीवर एक बैल योद्ध्याला धडक देतो आणि त्या योद्ध्याच्या ढालीवर ‘नेग्रोल’ अशी अक्षरे आहेत. घराण्यांतील चुरस इतक्या उघडपणे क्वचितच कोरली गेली असेल.

सतराव्या शतकात बंदुकीपुढे चिलखत गुडघ्यापर्यंत, मग फक्त छाती-पाठीपुरते उरले. पोलंडच्या पंखधारी हुसार स्वारांत खवल्यांचे चिलखत शतकाच्या अखेरीस प्रतिष्ठेचे होते. १८०९-१० नंतर फ्रेंच घोडदळाच्या काराबिनिए पथकांना पितळी पत्र्याने मढवलेली उरस्त्राणे मिळाली. संग्राहकांत तीही गणली जातात.

संग्रहाची परंपरा जुनी आहे. टिरोलचा आर्चड्यूक फर्डिनांड दुसरा याने इन्सब्रुकजवळच्या आम्ब्रास गढीत नामांकित वीरांची चिलखते जमविली. त्यांची सचित्र सूची १६०१ मध्ये लॅटिनमध्ये छापली गेली. इंग्लंडमध्ये सॅम्युएल रश मेरिक (१७८३–१८४८) याने अभ्यासाला शिस्त लावली. त्याच्या संग्रहाचा मोठा भाग पुढे संग्राहक रिचर्ड वॉलेसकडे गेला व १९०० पासून लंडनच्या हर्टफर्ड हाउसमध्ये लोकांसाठी खुला आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील शस्त्रविभाग बॅशफर्ड डीन या मत्स्यशास्त्रज्ञाने उभारला. ट्यूडर गुलाब व राणी एलिझाबेथच्या आद्याक्षराची जोडनक्षी असलेले इंग्रज सरदार जॉर्ज क्लिफर्डचे ग्रिनिच चिलखत तेथे १९३२ मध्ये आले. १९८३ मध्ये इंग्लंडमधील हीव्हर गढीच्या संग्रहातील, फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीसाठी केलेले मानले जाणारे मिलानी चिलखत लंडनच्या लिलावात १९,२५,००० पौंडांना गेले.

एकोणिसाव्या शतकात मागणीपोटी नकला वाढल्या. म्यूनिकच्या एर्न्स्ट श्मिटने प्रतिकृती म्हणूनच विकलेले नग नंतर अस्सल म्हणून फिरले. लंडनचा व्यापारी सॅम्युएल प्रॅट याच्या दुकानातून तर बनावट माल जाणूनबुजून गेला. अस्सल पत्र्याची जाडी जागोजागी बदलते : समोर, विशेषतः डावीकडे, जास्त. आतल्या बाजूस हातोड्याच्या खुणा असतात. यंत्राने लाटलेला पत्रा सर्वत्र सारखा भरतो. शिवाय एकाच चिलखताचे सगळे मूळ भाग क्वचित एकत्र उरतात. बहुतेक चिलखते वेगवेगळ्या संचांची जुळणी असतात.

चकचकीत पांढरे पोलाद हे अस्सलपणाचे लक्षण समजणे मात्र चूक. अनेक चिलखते मुळात निळी वा तांबूस होती. पुढच्या पिढ्यांच्या रखवालदारांनी ती घासून घासून पांढरी केली. ग्रिनिचचा प्रमुख कारागीर याकोब हाल्डर याच्या नावाने ओळखली जाणारी रंगीत आराखड्यांची वही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गेलेले रंग तिच्यावरूनही कळतात.