बीपीची गोळी आणि रक्तातलं पोटॅशियम

शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात अगदी थोडं, लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल. हृदयाचे ठोके मात्र या थोडक्यावरच अवलंबून असतात, आणि बीपीच्या काही गोळ्या त्यालाच हात घालतात. काही ते खाली ओढतात, काही वर ढकलतात.

खाली ओढणाऱ्या म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, फ्युरोसेमाइड. त्या मूत्रपिंडाच्या नलिकेत सोडियम परत शोषू देत नाहीत. ते सोडियम पुढच्या टप्प्यावर पोहोचतं, तिथे थोडंफार शोषलं जातं आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत जातं. म्हणूनच या गोळीवर असताना खारट खाणं दुहेरी महागात पडतं: बीपी उतरत नाही आणि पोटॅशियमही जास्त वाहून जातं. पायात गोळे, थकवा, बद्धकोष्ठता, धडधड ही पोटॅशियम कमी झाल्याची लक्षणं. पूरक पोटॅशियम घेऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासावं. ते कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरूनच ठेवत नाही.

रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांचं उलट. पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक त्यांच्यामुळे कमी होतं. स्पायरोनोलॅक्टोन तर त्याचं कामच अडवतं. मूत्रपिंड ठणठणीत असेल तर सहसा बिघडत नाही. ते अशक्त असेल, किंवा जोडीला आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, ट्रायमेथोप्रिम असलेलं प्रतिजैविक किंवा ‘कमी सोडियमचं’ मीठ असेल, तर आकडा भराभर चढतो. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, हे डब्यावर कोण वाचतं! वाढलेलं पोटॅशियम बहुधा काहीच जाणवू देत नाही. पहिली खूण थेट ईसीजीत दिसू शकते.

टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकाच गोळीत देण्याचा एक फायदा हाच: दोघांची उलटसुलट ओढ बरीचशी एकमेकांना रद्द करते. अम्लोडिपिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीचा पोटॅशियमशी फारसा संबंध नाही.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर १ ते २ आठवड्यांत रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) तपासतात. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर औषधांचा फेरविचार. ६ च्या वर गेलं तर तातडीचा प्रश्न. पण रक्त काढताना पट्टा फार वेळ घट्ट राहिला, मूठ पुन्हापुन्हा आवळली किंवा नळीत तांबड्या पेशी फुटल्या, तरी आकडा खोटा चढतो. अशी शंका असेल तर लगेच पुन्हा नमुना घेतात. तोवर गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टरांनाच विचारावं.