आर्डुइनो

आर्डुइनो : बटण दाबले, सावली पडली किंवा ऊब वाढली की प्रतिसाद देईल, अशा उपकरणाचा कच्चा नमुना झटपट उभा करण्यासाठीचा मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवरचा छोटा संगणक) बोर्ड व त्याची सॉफ्टवेअर-प्रणाली. इटलीतील इव्हरेआ येथील इंटरॅक्शन डिझाइन इन्स्टिट्यूटमध्ये २००५ साली मास्सिमो बान्झी व सहकाऱ्यांनी तो तयार केला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना तो परवडावा, हा हेतू होता. गावातल्या एका बारवरून त्याला नाव मिळाले आणि बारला १००२ साली इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनवरून.

पाया मात्र आधीच घातलेला होता. त्याच संस्थेतील कोलंबियाचा विद्यार्थी एर्नांदो बारागान याने २००३ मध्ये प्रबंधासाठी ‘वायरिंग’ हा प्रकल्प हाती घेतला. कोड लिहिण्याची त्याची सोपी पद्धत आर्डुइनोने घेतली आणि स्वस्त एटीमेगा८ चिप वापरली. बारागानचे नाव पुष्कळदा गाळले जाते. तो अन्याय आहे.

प्रचलित ‘ऊनो’ बोर्डावर १४ डिजिटल पिना (फक्त चालू-बंद ओळखणाऱ्या) व ६ ॲनालॉग इनपुट (कमी-जास्त व्होल्टेज मोजणारे) असतात. जोडणी ब्रेडबोर्डवर, म्हणजे छिद्रे असलेल्या प्लास्टिकच्या पाटीवर होते. त्याच्या छिद्रांमधले अंतर २.५४ मिमी. वायर खोचायची, चुकली तर उपसायची. सोल्डरिंग लागत नाही. उजेडाचा सेन्सर (एलडीआर) आणि १० किलोओहमचा रेझिस्टर (विद्युतप्रवाहाला विरोध करणारा घटक) ५ व्होल्ट व ग्राउंड यांच्यामध्ये, सेन्सर ५ व्होल्टकडे ठेवून, एकापुढे एक जोडून मधल्या बिंदूची वायर ॲनालॉग पिनेत घातली, की संगणकाच्या स्क्रीनवर ० ते १०२३ मधले आकडे धावू लागतात. सेन्सरवर तळहात धरला की आकडा घसरतो. किती घसरल्यावर दिवा लागावा, ते कोडमध्ये एका ओळीत बदलायचे, अपलोड करायचे आणि पुन्हा हात धरून पाहायचे. या फेरीला मिनिटही लागत नाही, आणि आर्डुइनोचे खरे मोल इथेच आहे. कागदावर ठीक वाटलेला आकडा खोलीतल्या उजेडात क्वचितच टिकतो.

नवशिक्याला हमखास छळतो तो बटणाचा रेझिस्टर. तो विसरला तर पिन अधांतरी राहते, ना ५ व्होल्टला ना ग्राउंडला जोडलेली, आणि बटण न दाबताही, नुसता हात जवळ नेला तरी, दिवा लुकलुकतो.

बोर्डाचे आराखडे खुले असल्याने त्याच्या स्वस्त प्रती सर्वत्र मिळतात. झटपट नमुने करण्याची सोय महाराष्ट्रात आर्डुइनोच्या आधीच आली होती : पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये सुरू झालेली फॅब लॅब (वस्तू बनवून पाहण्याची खुली कार्यशाळा) अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी आहे.

नमुना पक्का झाला की बोर्ड अडकवून ठेवावा लागत नाही. ऊनोच्या मूळ आवृत्तीत चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते. ती काढून क्रिस्टल (चिपला ठेका देणारा घटक) व कपॅसिटरांसह आपल्या सर्किटमध्ये बसवता येते.