कडेचा पिक्सेल कुणाचा?

गोखले रोडवरच्या सराफाला नथीची जाहिरात करायची असो, नाहीतर भिवंडीच्या गोदामातून ऑनलाइन माल विकणाऱ्याला स्टीलच्या डब्याचा फोटो चढवायचा असो, डिझायनरच्या कानावर पहिलं वाक्य हेच पडतं: "मागचं उडवून द्या." आता हे मोबाइलवर दोन-चार सेकंदांत होतं. तरीही ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माणसाभोवती पांढरी झालर दिसते, चष्म्याच्या काडीचा तुकडा गायब असतो, कोपर आणि कमरेच्या मधल्या फटीत मूळ भिंत तशीच राहिलेली असते. या चुका नव्या नाहीत. छापखान्यात ब्रशने काम चालायचं तेव्हाही त्या इथेच व्हायच्या, वस्तूच्या कडेवर.

कडेवर नेमकं काय घडतं ते आधी पाहू. पिक्सेल म्हणजे एक छोटा चौकोन, आणि केस बहुतेक वेळा त्या चौकोनापेक्षा बारीक असतो. चौकोनाचा अर्धा भाग केसाने व्यापला आणि अर्धा भिंतीने, तर फोटोत दोघांची सरासरी उतरते. ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं धरलं, तर केसाचे २० आणि भिंतीचे २२० मिळून त्या पिक्सेलवर १२० येतात. हा पिक्सेल ठेवला तर भगव्या फ्लेक्सवर राखाडी ठिपका दिसतो, काढला तर केस तुटतो. बॅकग्राऊंड काढण्याच्या प्रत्येक रीतीने या एका पिक्सेलचा निवाडा आपापल्या परीने केला आहे.

छापखान्यांनी तो ब्रशने आणि सुरीने केला. ऑफसेटच्या कामात फोटो आधी प्रोसेस कॅमेऱ्याने निगेटिव्हवर घेत. ती निगेटिव्ह खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावर ठेवायची आणि वस्तूभोवतीचा भाग बारीक ब्रशने तांबड्या 'ओपेक' रंगाने भरून टाकायचा. प्लेट करताना त्या रंगातून प्रकाश जात नसे, तिथे प्लेटवर काही उमटत नसे आणि कागद कोरा राही. मोठ्या कामाला रुबी फिल्म वापरत. पारदर्शक प्लास्टिकवर पातळ लाल थर असे. तो थर ब्लेडने हलक्या हाताने कापायचा आणि नको तेवढा सोलून काढायचा. लालच का, तर प्लेटवरचं रसायन निळ्या आणि अतिनील प्रकाशाने काम करतं आणि लाल थर नेमका तोच अडवतो. कारागिराला मात्र लालातून खालचं चित्र दिसत राहतं. भांडी, यंत्रांचे सुटे भाग, औषधाच्या बाटल्या यांना ही रीत उत्तम होती. माणसाचे केस मात्र टोपी घातल्यासारखे गुळगुळीत येत, कारण ब्लेडला आत आणि बाहेर एवढंच कळतं, अर्धवट काही कळत नाही.

अर्धवटाचा विचार आधी सिनेमावाल्यांनी केला. फ्रँक विल्यम्स यांनी १९१८ मध्ये काळ्या पडद्यासमोर माणूस चित्रित करून त्याच्या आकाराचा मुखवटा, म्हणजे मागचं दृश्य झाकणारा साचा, तयार करण्याचं पेटंट घेतलं. १९४० च्या सुमारास लॉरेन्स बटलर यांनी निळा पडदा आणला, आणि पुढे पेट्रो व्ह्लाहोस यांनी निळ्या-हिरव्याच्या फरकावरून केस, धूर, काच यांच्याही कडा राखण्याची पद्धत बसवली. डिजिटल कॅमेरे आल्यावर निळ्याची जागा बऱ्याच ठिकाणी हिरव्याने घेतली. त्याचं मूळ कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमध्ये आहे: त्यांच्या रचनेत सेन्सरवरचे निम्मे ठिपके हिरवा रंग टिपतात, लाल आणि निळ्याच्या वाट्याला पाव-पाव येतात. म्हणून हिरव्यात कड जास्त बारीक मिळते.

आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोंना मात्र हा हिरवा पडदा घातक आहे. नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो. पडदा काढताना चुडाही जातो आणि मनगटाच्या जागी फ्लेक्सचं डिझाइन दिसतं. निळा कपडा लावावा तर मोरपंखी पैठणी खाल्ली जाते. अशा वेळी फिकट राखाडी पडदा लावून माणसाला त्यापासून पाच-सहा फूट पुढे उभं करणं आणि पडद्यावर वेगळा लाइट टाकणं हेच बरं. अंतर कमी पडलं की पडद्याचा रंग गालावर आणि पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो, आणि तो नंतर काढणं कापण्यापेक्षा किचकट होतं.

संगणकात या अर्धवट पिक्सेलला हक्काची जागा मिळाली ती १९७० च्या दशकाच्या शेवटी. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा ठेवला, अल्फा. पिक्सेलचा किती भाग वस्तूने व्यापला आहे एवढंच तो सांगतो. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी त्याचा हिशेब मांडला: वस्तूचा रंग गुणिले अल्फा, अधिक मागचा रंग गुणिले उरलेला भाग. वरच्या उदाहरणात अल्फा ०.५ आहे. पण एवढ्यावर भागत नाही. मूळ केसाचे २० परत मिळवून तेच नव्या रंगात मिसळावे लागतात. १२० तसेच ठेवून फक्त अल्फा लावला, तर जुनी भिंत झालर होऊन सोबत येते. फ्लेक्सवरच्या पांढऱ्या झालरीचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये आली, थॉमस आणि जॉन नॉल या भावांच्या प्रोग्रॅमवर आधारलेली आणि फक्त मॅकिंटॉशसाठी. हाताने कड आखून भाग निवडणारं लॅसो आणि एका क्लिकने सारख्या रंगाचा भाग निवडणारं मॅजिक वाँड तेव्हापासूनच आहेत. वाँडचा टॉलरन्स आजही मुळात ३२ असतो, म्हणजे क्लिक केलेल्या रंगाच्या दोन्ही बाजूंना ३२ पायऱ्यांपर्यंतचं सगळं एकच धरलं जातं. सपाट रंगावर ते चालतं. जेपीईजी फोटोवर फसतं, कारण जेपीईजी ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबलं जातं आणि कडेजवळच्या चौकोनांत ठिपके उठतात.

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याच्या, धंद्यात खरं राज्य केलं ते पेन टूलने. पेजमेकर आणि क्वार्कएक्सप्रेस या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या त्या काळात फोटोतली पारदर्शकता पानावर नेण्याची सोय नव्हती, म्हणून वस्तूभोवती पाथ, म्हणजे पॉइंट जोडून आखलेली रेषा, मारून तो छपाईच्या ईपीएस फाइलमध्ये क्लिपिंग पाथ, म्हणजे कापायची हद्द, म्हणून द्यावा लागे. यातलं कसब आजही जसंच्या तसं लागू आहे. फोटो २०० ते ३०० टक्के मोठा करावा. पॉइंट वळणाच्या सुरुवातीला आणि शेवटी द्यावा, मध्ये पेरत बसू नये. रेषा वस्तूच्या एक पिक्सेल आतून न्यावी, म्हणजे भेसळ झालेला पिक्सेल बाहेर राहतो. सिलेक्शन केल्यावर अर्ध्या पिक्सेलचा फेदर द्यावा, म्हणजे कड तेवढी मऊ करावी. वाँडने सिलेक्शन करून त्याचाच पाथ बनवण्याचा मोह अनेकांना होई. त्यात शेकडो पॉइंट तयार होत, छपाईची फिल्म काढणारं यंत्र, म्हणजे इमेजसेटर, 'लिमिटचेक'ची चूक दाखवून थांबे, आणि फिल्म निघत नसे. त्यावर उपाय म्हणून फ्लॅटनेस, म्हणजे वळण किती ढोबळ काढायचं तो आकडा, ८ ते १० ठेवत.

लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे वेगळे थर, फोटोशॉपच्या १९९४ च्या ३.० आवृत्तीत आले. त्याआधी चिकटवलेलं सिलेक्शन एकदा सोडलं की ते मागच्या चित्रात कायमचं मिसळून जायचं. लेअर मास्कमुळे पिक्सेल न पुसता नुसता झाकता येऊ लागला. इरेझर वापरून बॅकग्राऊंड पुसणाऱ्यांनी ही सवय लावून घ्यायलाच हवी. कान अर्धा गेला तर मास्कवर पांढऱ्या ब्रशने परत आणता येतो.

केसांसाठी चॅनेलची, म्हणजे फोटोतला लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग वेगळा पाहण्याची, रीत वापरली जाई, आणि अवघड फोटोत ती अजूनही स्वयंचलित साधनांना मागे टाकते. फिकट भिंतीसमोर काळे केस असतील तर निळा चॅनेल उघडावा. आपली त्वचा निळ्यात सगळ्यात गडद दिसते, त्यामुळे चेहरा आणि केस दोन्ही भिंतीपासून सुटतात. त्या चॅनेलची प्रत काढावी, लेव्हल्सने (उजळ-गडद कमीजास्त करणाऱ्या साधनाने) भिंत पांढरी आणि केस काळे करावेत, आतला भाग ब्रशने काळा भरावा, उलट करून मास्क म्हणून लावावा. लेव्हल्स फार ओढल्या की बारीक बटा तुटतात. थोडं राखाडी राहू द्यावं.

पुढे साधनं भराभर आली. १९९९ च्या फोटोशॉप ५.५ मध्ये वस्तू वेगळी काढणारं एक्स्ट्रॅक्ट. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चचं ग्रॅबकट, ज्यात वस्तूभोवती चौकट आखली की बाकीचं गणित प्रोग्रॅम करतो. २००७ च्या फोटोशॉप सीएस३ मध्ये ब्रश फिरवून भाग निवडणारं क्विक सिलेक्शन आणि कड सुधारणारं रिफाइन एज. २०१० च्या सीएस५ मध्ये 'डीकंटॅमिनेट कलर्स' आलं. १२० मधून २० परत मिळवण्याचं काम तेच करतं, आणि तरीही ते बंद ठेवलेलंच जास्त आढळतं.

सध्याची लाट न्यूरल नेटवर्कची, म्हणजे हजारो फोटो पाहून शिकलेल्या प्रोग्रॅमची, आहे. २०१५ मध्ये जर्मनीत वैद्यकीय चित्रांसाठी बनलेल्या यू-नेट रचनेचा तिच्यावर मोठा प्रभाव आहे. २०१८ मध्ये फोटोशॉपमध्ये सिलेक्ट सब्जेक्ट आणि इंटरनेटवर रिमूव्ह डॉट बीजी आलं. ही साधनं माणूस ओळखतात, त्यामुळे गर्दीतल्या फोटोवरही चालतात. पण त्यांपैकी बरीच साधनं फोटो आधी लहान करून पाहतात. फुकट मिळणाऱ्या यू-स्क्वेअर-नेटला तो ३२० बाय ३२० लागतो. मग मास्क ताणून मूळ मापाचा केला जातो. नथीची तार, तिच्यातली पोकळी, बांगडीखालची फट लहान चित्रात उरलेलीच नसते, म्हणून ती मास्कमध्येही येत नाही. तेवढी जागा पेन टूलने हातानेच करावी.

ऑनलाइन विक्रीच्या फोटोंनी वेगळीच अडचण आणली. अॅमेझॉनला मुख्य फोटोत मागचं शुद्ध पांढरं, म्हणजे तिन्ही रंग २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला लागतो. स्टीलचा डबा पांढऱ्या कागदावर ठेवला की त्याच्या बाजूंत तोच कागद दिसतो आणि कड विरून जाते. कुठलंही सॉफ्टवेअर ती शोधू शकत नाही. फोटो काढतानाच डब्याच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळा पुठ्ठा उभा करावा. कडेवर बारीक काळी रेघ येते आणि कटिंग पाच मिनिटांत होतं.

पासपोर्टच्या फोटोचं काम आता कमी झालं आहे, कारण पासपोर्ट सेवा केंद्रातच फोटो काढतात. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या बॅकग्राऊंडचा फोटो मात्र न्यावा लागतो: ३५ बाय ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल, ४ बाय ६ इंचांच्या कागदावर आठ. बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून खिडकीच्या उजेडात वरून फोटो घेतला तर फोटोत जावळाची कड कापत बसावं लागत नाही. चादरीची सावली लेव्हल्सने उजळली की झालं.

फ्लेक्सला फाइल देताना मापाचा हिशेब आधी करावा. ७२ डीपीआयला एक पिक्सेल साधारण ०.३५ मिलिमीटरचा असतो. छोटा फोटो दहापट वाढवला की एका पिक्सेलची झालर साडेतीन मिलिमीटरची होते आणि सिग्नलवर थांबलेल्याला दिसते. आणि कटआउट, म्हणजे मागचं काढलेला फोटो, पाठवायचा तो अल्फा जपणाऱ्या पीएनजीमध्ये, व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. फोटो म्हणून पाठवला की तो जेपीईजी होतो, जेपीईजीमध्ये अल्फाला जागा नाही, आणि छपाईवाल्याच्या स्क्रीनवर नवरी काळ्या नाहीतर पांढऱ्या चौकटीत उभी असते.