आधी खंडाने, मग वाट्याने

गावाकडे जमीन दुसऱ्याला कसायला द्यायच्या दोन रीती. खंडाने दिली तर पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम मालकाची. वाट्याने दिली तर पिकेल त्यात हिस्सा. मालवेअरचा, म्हणजे संगणकात घुसून नुकसान किंवा चोरी करणाऱ्या प्रोग्रामांचा, चोरबाजारही असाच पहिल्या रीतीकडून दुसरीकडे सरकत गेला.

त्याआधी रोख विक्री होती. 2007 साली उजेडात आलेला ‘झ्यूस’ बँक खात्यांचे पासवर्ड चोरायचा. 2010 च्या सुमारास त्याचा मूळ संच तीन-चार हजार डॉलरला मिळे, आणि एक प्रत एकाच संगणकावर चालावी असे कुलूपही त्याला होते. चोरांनाच चोरीची धास्ती! मे 2011 मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूरच, फुटला आणि माल फुकटात पसरला.

वेबपानावर आलेल्याच्या ब्राउझरमधल्या त्रुटी हेरून मालवेअर घुसवणाऱ्या ‘ब्लॅकहोल’ या संचाने 2010 मध्येच वेगळी वाट धरली होती. परवाना वर्षाला 1,500 डॉलर. तेवढी ऐपत नसेल तर मालकाच्याच सर्व्हरवर दिवसाला 50 डॉलर भाडे. गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते खरे तर सततच्या अपडेटसाठी. म्हणूनच ऑक्टोबर 2013 मध्ये ‘पाँच’ या नावाने वावरणारा त्याचा कर्ता रशियात पकडला गेला, तेव्हा दुकान बसायला वेळ लागला नाही.

पुढे रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून सोडवायला खंडणी मागणारे मालवेअर, आले, खंडणी बिटकॉइनमध्ये मिळू लागली आणि वाटणी सोपी झाली. ‘डार्कसाइड’ या रॅन्समवेअर टोळीचे उदाहरण घ्या. प्रोग्राम आणि चोरलेला डेटा उघड करण्याची जागा मालकाची. कंपनीत शिरण्याचे काम वाटेकऱ्याचे. खंडणी पाच लाख डॉलरच्या आत असेल तर मालकाला 25 टक्के, पन्नास लाखांवर गेली तर 10. संगणकावर रशियन भाषा दिसली की प्रोग्राम गप्प बसे. घरच्या पोलिसांना डिवचायचे नाही, एवढाच हिशेब.

मे 2021 मध्ये याच प्रोग्रामने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणाऱ्या कोलोनियल पाइपलाइनला गाठले. वाहिनी काही दिवस बंद पडली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने 75 बिटकॉइन मोजले होते. जूनमध्ये एफबीआयने त्यातले 63.7 परत मिळवले. म्हणजे जवळपास 85 टक्के, वाटेकऱ्याच्या हिश्श्याएवढे. मालकाचा वाटा त्याआधीच वेगळ्या बिटकॉइन पाकिटात (वॉलेटमध्ये) गेला होता.