हा ऑटोट्यून नाही, व्होकोडर आहे (आणि उलटही)

ब्रिटिश पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' हा अल्बम ७ जून २०२४ ला आला, त्या दिवशी मी तो दोनदा सलग ऐकला. दुसऱ्यांदा मामेभाऊ सोबत होता. तीन गाणी त्याने गपगुमान ऐकली. चौथं 'आय माइट से समथिंग स्टुपिड' लागलं आणि त्याने तोंड वाकडं केलं. "सगळं व्होकोडरच आहे गं. हिला गाता तरी येतं का?"

एका दमात दोन आरोप, आणि दोन्ही चुकीचे. तेव्हा वाद घातला नाही, कारण गाणं पावणेदोन मिनिटांचं आहे आणि मला ते ऐकायचं होतं. पुढच्या वेळी भेटला तेव्हा मुद्दाम डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं 'द गेम ऑफ लव्ह' लावलं. तर म्हणतो, "हे मात्र ऑटोट्यून." म्हणजे नेमकं उलटं. आवाज बदलायची तंत्रं दोन्ही, पण चार्लीचं ते ऑटोट्यून आणि डाफ्ट पंकचं व्होकोडर.

त्याला हसण्यात अर्थ नाही. तो पेटी चांगली वाजवतो, कान तयार आहे. पण इलेक्ट्रॉनिक पॉपमध्ये आवाज जरा 'रोबोटसारखा' झाला की आपण हाताला लागेल ते नाव चिकटवतो. मी स्वतः कित्येक वर्षं हेच करत होते.

बोलताना किंवा गाताना आपल्या शरीरात दोन कामं चालू असतात. गळ्यातल्या स्वरतंतूंच्या कंपनातून एक कच्चा, भुंग्यासारखा आवाज निघतो. सूर वर की खाली, हे तिथे ठरतं. मग जीभ, टाळू, ओठ त्या आवाजाला आकार देतात, आणि 'आ'चा 'ई' होतो, 'ब'चा 'म' होतो. सूर गळ्यात, शब्द तोंडात.

व्होकोडर यातलं पहिलं काम काढून घेतो. तुमचा गळा बाजूला ठेवतो आणि त्या जागी सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य (थोडक्यात सिंथ), बसवतो. तोंडाचा आकार तेवढा तुमचा. ऑटोट्यून गळाही तुमचाच ठेवतो आणि तोंडही. तो फक्त सूर पकडून जवळच्या नेमक्या सुरावर नेऊन बसवतो. म्हणजे व्होकोडरमध्ये वाद्य बोलायला लागतं, आणि ऑटोट्यूनमध्ये माणूस वाद्यासारखा गायला लागतो. ऐकताना दोन्ही एकाच ठिकाणी पोचल्यासारखे वाटतात, पण आलेले असतात विरुद्ध दिशांनी.

गंमत म्हणजे या दोघांपैकी एकाचंही मूळ संगीतात नाही.

व्होकोडर आला टेलिफोनमधून. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये होमर डडली यांनी १९२८ च्या सुमारास त्यावर काम सुरू केलं. अडचण साधी होती: तारेतून जाणारं बोलणं फार जागा खातं. डडलींना सुचलं की सगळा आवाज पाठवायचाच कशाला? जाड-बारीक आवाजाच्या काही पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टीत क्षणोक्षणी किती जोर आहे तेवढंच मोजायचं, ते आकडे पाठवायचे आणि पलीकडे त्या मापाने आवाज नव्याने उभा करायचा. दुसऱ्या महायुद्धात हीच कल्पना सिगसॅली नावाच्या गुप्त यंत्रणेत वापरली गेली. १९४३ पासून दोस्त राष्ट्रांचे वरिष्ठ नेते आणि सेनाधिकारी तिच्यावरून बोलत. एकेका यंत्राचं वजन ५० टनांच्या वर, आणि लंडनमधलं यंत्र सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या तळघरात बसवलेलं. ज्या आवाजावर पुढे लोक नाचले, तो आधी युद्धाची खलबतं लपवण्यासाठी वापरात होता, हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ गाणं बंद करून बसले होते.

संगीतात तो आणण्याचं मोठं श्रेय संगीतकार वेंडी कार्लोस यांना. सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मूग यांच्यासोबत त्यांनी १९७० च्या आसपास गाण्यासाठीचा व्होकोडर तयार केला. मग जर्मनीतल्या क्राफ्टवेर्क या बँडने १९७४ च्या 'आउटोबान'मध्ये आणि १९७८ च्या 'द मॅन-मशीन'मध्ये त्याला घरचाच करून टाकला. तिथे मोजमाप होतं तुमच्या बोलण्याचं, पण त्या मापाने उघडझाप होते सिंथच्या आवाजाची. पंधरा-वीस दारं रांगेत आहेत, मागून सिंथचा आवाज सतत येतोय आणि तुमचं तोंड ती दारं किलकिली करतंय, असं काहीसं डोळ्यासमोर आणा. 'स', 'श', 'फ' या व्यंजनांना सूरच नसतो, नुसती फूस असते. म्हणून चांगल्या व्होकोडरमध्ये त्यांच्यासाठी वेगळी फूस मिसळावी लागते. ती नसली की शब्द तोंडात गोळा धरल्यासारखे येतात.

ऑटोट्यूनची गोष्ट जमिनीखालची. अँडी हिल्डेब्रँड तेल शोधण्याच्या धंद्यात होते. जमिनीत आवाजाच्या लहरी सोडायच्या, परत येणारे पडसाद टिपायचे आणि त्यावरून खाली काय दडलंय याचा अंदाज बांधायचा. त्यासाठी लागणारं गणित, म्हणजे एखादी लहर किती वेळाने स्वतःसारखीच पुन्हा येते हे ओळखणं, सूर शोधायलाही चालतं. सूर म्हणजे तरी काय, ठराविक वेळाने पुन्हा पुन्हा येणारी लहरच. १९९७ मध्ये त्यांच्या अँटारेस कंपनीने ऑटोट्यून बाजारात आणलं. हेतू अगदी सोज्वळ: चांगल्या गायलेल्या ओळीत एखादा सूर घसरला असेल तर कुणाला कळू न देता सावरायचा.

त्यात एक बटण होतं, सूर किती वेगाने दुरुस्त करायचा ते ठरवणारं. सावकाश ठेवलं तर दुरुस्ती कळत नाही. शून्यावर नेलं तर एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गळा जी वाट चालतो ती वाटच गायब होते. आपल्या कानाला हे चटकन समजतं, कारण आपण मींड ऐकत वाढलेलो असतो. सारंगीवरून पेटीवर आल्यावर जे हरवतं, तेच इथे गळ्यात हरवतं. घसरगुंडीच्या जागी पायऱ्या.

१९९८ मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'ने हे बटण मुद्दाम शून्याजवळ नेलं आणि जग चाट पडलं. इथेच आपल्या गोंधळाचं मूळ आहे, आणि ते चक्क ठरवून पेरलेलं आहे. ते गाणं करणाऱ्या निर्मात्यांना १९९९ मध्ये 'साउंड ऑन साउंड' मासिकाने विचारलं, हा आवाज कसा काढलात? त्यांनी सांगितलं, व्होकोडरच्या जातीच्या एका उपकरणाने. थाप होती. युक्ती दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून मारलेली. खरं बाहेर यायचं ते आलंच, पण तोवर 'तो शेरवाला आवाज म्हणजे व्होकोडर' हे पुष्कळांच्या डोक्यात पक्कं झालं होतं. तेव्हा माझ्या मामेभावाची अर्धी चूक या मंडळींच्या नावावर टाकायला हरकत नाही.

मग ओळखायचं कसं? मी त्याला एक प्रयोग सांगितला, तो मला सगळ्यात आवडतो. कुजबुजा. कुजबुजीत स्वरतंतू कापत नाहीत, म्हणजे सूर नसतोच. व्होकोडरसमोर कुजबुजत कीबोर्डवर सूर धरा: यंत्र खणखणीत गाईल, कारण सूर त्याचा, त्याला तुमचं फक्त तोंड हवं. ऑटोट्यूनसमोर कुजबुजा: कुजबुजच ऐकू येईल. पकडायला सूरच नाही तर दुरुस्त काय करणार? आता उलटं करा. मोठ्याने गा, पण कीबोर्डवरचा हात काढून घ्या. व्होकोडर गप्प. ऑटोट्यूनला कीबोर्डशी काही देणंघेणं नाही.

हे स्टुडिओत. नुसतं गाणं ऐकताना दोन गोष्टींकडे कान द्यावा. एका गळ्यातून एकाच वेळी तीन-चार सूर निघत असतील, तेही आवाजाला आवाज चिकटल्यासारखे, तर बहुतेक व्होकोडर. आणि गाणारी व्यक्ती ओळखू येतेय का? 'बिलीव्ह'मध्ये शेर अगदी लख्ख ओळखू येते. क्राफ्टवेर्कच्या 'द रोबोट्स'मध्ये गाणारा माणूस कोण हे विचारण्यात मजा नाही, कारण गाण्याचा मुद्दाच तो आहे.

डाफ्ट पंक दोन्ही वापरत, म्हणून त्यांची गाणी शेजारीशेजारी ठेवायला बरी. २००० च्या शेवटी आलेलं 'वन मोअर टाइम' ऐका. गायलाय रोमँथनी, आणि त्याच्या आवाजाचा सगळा खरखरीत उत्साह शाबूत आहे. फक्त सुरांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. ते ऑटोट्यून. २०१३ च्या 'रँडम ॲक्सेस मेमरीज'मधलं 'द गेम ऑफ लव्ह' ऐका. तिथे गळा नाहीच, सिंथ आहे, आणि तो सिंथ प्रेमभंगाबद्दल बोलतोय. पहिल्यात माणूस आनंदाच्या भरात यंत्र होतो. दुसऱ्यात यंत्र दुःखाने माणसाच्या जवळ येतं. माझं मत विचाराल तर दुसरं जास्त अवघड काम आहे. पण पार्टीत मी पहिलंच लावते.

आता या दोन कप्प्यांत न बसणारं एक गाणं, कारण कुणीतरी ते काढणारच. ब्रिटिश गायिका इमोजेन हीपचं २००५ मधलं 'हाइड अँड सीक'. वाद्य एकही नाही, आवाजावर आवाज रचलेले. हजारो जणांनी त्याला व्होकोडर म्हटलंय. मीही. प्रत्यक्षात ते हार्मोनायझर आहे. कीबोर्डवर सूर द्यायचे, पण यंत्र सिंथ वाजवत नाही. गाणाऱ्याच्याच आवाजाच्या प्रती काढून त्या सुरांवर नेऊन ठेवतं. सूर देण्याची पद्धत व्होकोडरसारखी, गळा मात्र ऑटोट्यूनसारखा स्वतःचा. त्या गाण्यात श्वास इतका जवळ ऐकू येतो तो यामुळेच. (टॉकबॉक्स हा चौथा भाऊ. त्यात नळीने वाद्याचा आवाज खरोखर तोंडात सोडतात. तो आज राहू दे.)

तर 'ब्रॅट'. मामेभावाचा दुसरा आरोप होता, हिला गाता येत नाही. ऑटोट्यूनबद्दल हे सगळीकडेच म्हटलं जातं, आणि व्होकोडरबद्दल सहसा कुणी म्हणत नाही, हे मला गमतीचं वाटतं. व्होकोडर वापरला की तो प्रयोगशील, ऑटोट्यून वापरलं की ती लबाड. अमेरिकन गायक टी-पेन हा या शिक्क्याखाली सगळ्यात जास्त दबलेला. २०१४ मध्ये एनपीआर या अमेरिकन रेडिओच्या 'टायनी डेस्क' या छोटेखानी मैफलीत तो ऑटोट्यूनशिवाय, साध्या कीबोर्डच्या साथीने गायला आणि लोक थक्क झाले. थक्क व्हायचं कारण नव्हतं. बटण शून्यावर ठेवून चांगलं गाणं म्हणजे त्या पायऱ्या कुठे पडतील हे आधी ओळखून गळा तिरका टाकणं. सरळ गायलात तर यंत्राला करायला काही उरतच नाही, आणि तो परिणाम येत नाही. ते शिकावं लागतं.

चार्ली ते अनेक वर्षं करतेय. २०१७ च्या 'पॉप २' मध्ये निर्माता ए. जी. कुकसोबत तिने तो आवाज साखरेसारखा चकचकीत केला होता. 'ब्रॅट'मध्ये तोच आवाज चरचरतो. चौथ्या गाण्यात ती स्वतःबद्दलचा संकोच बोलून दाखवते: या घोळक्यात आपण कुणी आहोत की नाही, तोंडातून काही मूर्खासारखं निघालं तर. आणि नेमकं तिथे सूर हिसका बसल्यासारखे जागेवर येतात, एखादा माणूस घाबरून स्वतःला सावरतो तसे. व्होकोडर इथे चाललाच नसता. त्याने तिचा गळा काढून घेतला असता, आणि हे गाणं त्या गळ्याच्या अवघडलेपणाचंच आहे.

'सो आय' आणखी पुढे जातं. ते सोफीसाठी आहे, चार्लीसोबत २०१६ चं 'व्हरूम व्हरूम' करणारी निर्माती, जिचा जानेवारी २०२१ मध्ये अथेन्समध्ये अपघाती मृत्यू झाला. शोकगीतात गळा दाटतो, सूर हलतो. इथे हलायला गेलेला सूर दरवेळी पकडला जातो. रडू येतंय आणि कुणीतरी खांदे धरून ताठ उभं केलंय, असं काहीतरी ऐकू येतं. सगळ्यांना ते तसं लागेल असं नाही. अल्बममधली शेवटची काही गाणी मला थोडी लांबलेली वाटतात, तेही सांगून टाकते.

मामेभावाला परवा हे सगळं ऐकवलं. 'सो आय' संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग पेटी पुढे ओढून त्याने भात्यात हवा भरली, एक सूर धरला आणि दुसऱ्या हाताने फोन माझ्यासमोर करत म्हणाला, "ते कुजबुजायचं ॲप कुठलं गं? व्होकोडरचं?"