सेजब्रश माळरान : चीटग्रास, वणवे आणि पुनरुज्जीवन

अमेरिकेच्या पश्चिमेकडील थंड, कोरड्या पठारांवरचा झुडपी गवताळ प्रदेश. नेव्हाडा, यूटा, आयडाहो, ओरेगन व वायोमिंग या राज्यांत त्याचा मोठा विस्तार आहे. मुख्य झुडूप सेजब्रश, म्हणजे आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा : रुपेरी-करडे, पानाच्या टोकाला तीन दाते, चुरडले की उग्र वास. जोतिबाला वाहतात तो दवणाही आर्टेमिसियाच, तेव्हा वासाचे नवल मराठी माणसाला फारसे वाटू नये.

मूळच्या माळावर झुडपांमध्ये ठोंबांनी वाढणारी बहुवर्षायू गवते असत आणि ठोंबांमधल्या मोकळ्या जागेत शेवाळ, दगडफूल व सायनोबॅक्टेरिया यांचा पातळ पापुद्रा. ही मोकळी जागाच जाळरेषेचे, म्हणजे आग अडवणाऱ्या पट्ट्याचे, काम करी. वणवे लागत, पण एकाच जागी पुन्हा लागायला कित्येक दशके जात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरामेंढरांच्या बेसुमार चराईने ठोंबे विरळ झाली. त्याच सुमारास यूरेशियातून धान्याच्या बियाण्यात मिसळून चीटग्रास, म्हणजे ब्रोमस टेक्टोरम, आले आणि रेल्वेमार्गांच्या कडेने पसरले. हे वर्षायू गवत पावसाची साथ मिळाली की शरदातच उगवते, हिवाळाभर मुळे वाढवते, वसंतातली ओल इतरांआधी पिऊन टाकते आणि जूनच्या सुमारास वाळून कोळ होते. हिरवे असताना गुरे ते खातात. वाळल्यावर कुसळे तोंडात रुततात. मोकळ्या जागा या वाळक्या गवताने सांधल्या की आग कुठे अडत नाही. नेव्हाडात जुलै 2018 मधल्या मार्टिन वणव्यात 4 लाख 35 हजार एकरांहून अधिक माळ जळाला.

खरे नुकसान आगीनंतर होते. सेजब्रश बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. त्याचे बारीक बी झुडपाजवळच पडते आणि मातीत फार काळ टिकत नाही. चीटग्रासचे पुरेसे बी मात्र आगीतून वाचते. आयडाहोतल्या स्नेक नदीच्या मैदानात काही ठिकाणी दर 3 ते 5 वर्षांनी आग लागू लागली; एवढ्यात सेजब्रशला वाढून बी धरायला सवडच मिळत नाही. हिवाळ्यात जवळपास सेजब्रशच्याच पानांवर जगणाऱ्या सेज-ग्राउस पक्ष्याची उपासमार त्यातून ओढवते.

पुनरुज्जीवनात उंचीला फार महत्त्व आहे. उंचावरचे थंड, ओलसर उतार बरेचदा आपणहून सावरतात. सखल, उष्ण, कोरड्या भागात पेरणी वारंवार फसते. तिथे उगवणीपूर्वीचे इमॅझापिक तणनाशक फवारतात, यंत्राने गवत पेरतात आणि हिवाळ्यात विमानातून सेजब्रशचे बी टाकतात. बी त्या जागेला मानवणाऱ्या उपजातीचेच हवे. ते हिवाळ्याच्या तोंडाशी पिकते, म्हणून वणव्यांच्या वर्षी ऐनवेळी बाजारातून आणू म्हटले तर मिळेलच असे नाही. मध्य आशियाकडचे क्रेस्टेड व्हीटग्रास स्वस्त, हमखास उगवणारे आणि चीटग्रासला दाबणारे. पण ते देशी गवतांनाही सहजी शिरकाव करू देत नाही. वनस्पतिवैविध्यासाठी हा सौदा महागच, आग थोपवायला मात्र उपयोगी. काही राज्यांत तुरुंगांतले कैदी सेजब्रशची रोपे वाढवतात. रोप बियापेक्षा जास्त जगते, पण लाखो एकरांसाठी तो खर्च झेपणारा नाही, म्हणून रोपे निवडक जागीच लावतात. पेरलेल्या जमिनीवर निदान पहिले दोन हंगाम चराई बंद ठेवण्याची पद्धत आहे. उलट, चीटग्रास आधीच माजलेल्या पट्ट्यांत वसंतात मुद्दाम गुरे सोडून जळण कमी करता येते. फक्त देशी गवते फुलोऱ्यावर येण्याआधी गुरे हलवावी लागतात.