इसवी सनाचे रोमन मूळ

इसवी सनाच्या कॅलेंडरात ख्रिस्ती म्हणावे असे मुख्यतः दोनच भाग आहेत : वर्षाचा आकडा आणि १५८२ मध्ये पोपच्या आज्ञेने झालेली दुरुस्ती. बारा महिने, त्यांची नावे, प्रत्येकाचे दिवस, १ जानेवारीचा वर्षारंभ आणि चार वर्षांनी येणारा जादा दिवस हे सारे येशूच्या जन्माआधीच रोममध्ये ठरलेले होते. ते ठरवताना देवांइतकाच बाजार, कर्जाची वसुली आणि कचेरीचे कामकाज यांचाही विचार झालेला होता.

रोमन परंपरेनुसार रोमचा संस्थापक मानल्या गेलेल्या रोम्युलसचे वर्ष दहाच महिन्यांचे, ३०४ दिवसांचे होते, मार्चपासून डिसेंबरपर्यंत. उरलेला हिवाळा कोणी मोजतच नसे. पुढे नुमा पाँपिलियस या राजाने जानेवारी आणि फेब्रुवारी जोडले. ही दंतकथा खरी धरण्याचे कारण नाही, पण महिन्यांच्या नावांत तिची खूण राहून गेली आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणजे लॅटिनमध्ये सातवा, आठवा, नववा, दहावा. सप्त, अष्ट, नव, दश हे शब्द शेजारी ठेवले की मराठी वाचकाला वेगळा पुरावा लागत नाही.

प्रजासत्ताकाच्या काळात वर्ष ३५५ दिवसांचे होते. सम आकडे अशुभ मानले जात, म्हणून महिने २९ किंवा ३१ दिवसांचे. फक्त फेब्रुवारी २८ चा, कारण तो पितरांचा आणि शुद्धीकरणाचा महिना. तारखा एक-दोन-तीन अशा सरळ मोजत नसत. महिन्याचा पहिला दिवस कॅलेंड्स, पाचवा किंवा सातवा नोन्स, तेरावा किंवा पंधरावा आइड्स. बाकीचे दिवस पुढच्या खुणेला किती उरले यावर ओळखले जात. कॅलेंड्सला व्याज भरावे लागे. त्यावरून सावकाराच्या वहीला ‘कॅलेंडेरियम’ म्हणत, आणि आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर या देण्या-घेण्याच्या वहीचेच नाव घेऊन बसले आहे.

भिंतीवर कॅलेंडर लावण्याची रीतही तेव्हाचीच. रोमच्या दक्षिणेला अँटियम (आजचे अँझिओ) येथे गिलाव्यावर रंगवलेल्या प्रजासत्ताककालीन कॅलेंडरचे तुकडे सापडले आहेत. त्यात प्रत्येक दिवसापुढे ए ते एच यांपैकी एक अक्षर आहे. हा आठ दिवसांचा बाजारचक्राचा हिशोब. आठवडी बाजाराला खेड्यातले शेतकरी शहरात येत, मुलांना शाळेतून सुट्टी मिळे. दुसरे अक्षर त्या दिवशी न्यायालय चालेल का, नागरिकांची सभा भरेल का, हे सांगे. एके काळी ही माहिती पुरोहितांच्याच मुठीत होती. दावा कोणत्या दिवशी लावावा हे त्यांना विचारायला जावे लागे. इ.स.पू. ३०४ मध्ये नेअस फ्लाव्हियस या मुक्तदासाच्या मुलाने दिवसांची यादी फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, लावून टाकली. उच्चकुलीनांना ते फारसे रुचले नाही.

दिवसाचे तास मात्र रबरासारखे होते. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग करत, त्यामुळे रोममधला तास हिवाळ्यात सुमारे ४५ मिनिटांचा, तर उन्हाळ्यात ७५ मिनिटांचा होई. पहिल्या दोन तासांत आश्रित मंडळी आपल्या आश्रयदात्याच्या दारी मुजऱ्याला जात, दुपारपर्यंत कामे उरकत, आठव्या तासाच्या सुमारास स्नानगृह, नवव्याला मुख्य जेवण. इ.स.पू. २६३ मध्ये सिसिलीतील कॅटानियाहून लुटून आणलेली सूर्यघडी फोरममध्ये बसवली गेली. ती दक्षिणेकडच्या अक्षांशासाठी आखलेली, म्हणजे रोममध्ये चुकीची. तरीही ९९ वर्षे शहर तिच्यावर चालले.

३५५ दिवसांचे वर्ष ऋतूंपासून सरकू नये म्हणून मधूनमधून २३ फेब्रुवारीच्या आसपास जादा महिना घालत. आपल्या अधिक मासासारखीच ही सोय, पण अधिक मास गणिताने येतो आणि रोममध्ये तो पुरोहितमंडळाच्या मर्जीने येई. पुरोहित म्हणजे राजकारणीच. मित्राचा पदाचा काळ वाढवायचा तर महिना घाला, शत्रूचा आटोपायचा तर वगळा. इ.स.पू. ४६ पर्यंत कॅलेंडर ऋतूंपासून सुमारे तीन महिने सरकले होते. मुख्य पुरोहित असलेल्या ज्युलियस सीझरने ते वर्ष ४४५ दिवसांचे केले आणि अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या ज्योतिर्विदाच्या सल्ल्याने १ जानेवारी इ.स.पू. ४५ पासून ३६५ दिवसांचे वर्ष व दर चौथ्या वर्षी एक जादा दिवस ही पद्धत लागू केली. १ जानेवारी ही तारीख त्याची नव्हे; इ.स.पू. १५३ पासूनच कॉन्सल, म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी, त्या दिवशी पदभार घेत. सीझरच्या नावावरून क्विंटिलिस महिन्याचा जुलै आणि नंतर ऑगस्टस बादशहाच्या नावावरून सेक्स्टिलिसचा ऑगस्ट झाला. आपला महिना सीझरच्या महिन्याहून लहान नको म्हणून ऑगस्टसने फेब्रुवारीचा दिवस पळवला, ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. ती खोटी आहे. अँटियमच्या भिंतीवर फेब्रुवारी आधीपासूनच २८ चा आहे, आणि सेक्स्टिलिस २९ वरून ३१ चा झाला तो सीझरच्याच दुरुस्तीत.

सात दिवसांचा आठवडा रोमनांत हळूहळू शिरला. पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या भिंतींवर ग्रहदेवतांच्या वारांची यादी खरडलेली सापडते. वारांचा क्रम होऱ्यांच्या हिशोबाने लागतो : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने प्रत्येक तासाला एक ग्रह, २४ ला ७ ने भागले की ३ उरतात, म्हणून शनिवारानंतरचा पहिला तास रवीचा, मग चंद्राचा. भारतीय वारही याच क्रमाचे, आणि ‘होरा’ हा शब्द मूळचा ग्रीक. ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने रविवारी न्यायालये आणि शहरातील धंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढला.

एवढे सारे असूनही वर्षाला सोयीचा आकडा नव्हता. वर्ष ओळखले जाई ते त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या नावांनी. ईस्टर सणाच्या तारखांची कोष्टके करणारे ख्रिस्ती लोक डायोक्लीशन बादशहाच्या सनाने मोजत. तो तर ख्रिस्त्यांचा छळ करणारा! म्हणून ५२५ मध्ये रोममधील डायोनिसियस एक्झिगुअस या भिक्षूने आपल्या कोष्टकात वर्षे येशूच्या अवतारापासून मोजली. त्याचा हिशोब काही वर्षांनी चुकला असावा, कारण ज्याच्या राज्यात येशू जन्मला तो हेरोड बहुतेकांच्या मते इ.स.पू. ४ मध्येच वारला होता. शून्य वर्षही त्याने ठेवले नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. इंग्लंडच्या बीड नावाच्या भिक्षूने ७३१ मधील आपल्या इतिहासग्रंथात हा सन वापरला आणि त्याला खरा प्रसार मिळाला. आपला ‘इसवी’ शब्द अरबी ‘ईसा’वरून आलेला.

सीझरचे वर्ष खऱ्या सौर वर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. सोळाव्या शतकापर्यंत ही चूक, इ.स. ३२५ पासून मोजली तर, दहा दिवसांची झाली, तेव्हा पोप तेराव्या ग्रेगरीने ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. पोर्तुगालने ते लगेच मानले. इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर मधली सुमारे एकशे चाळीस वर्षे पोर्तुगीज आणि इंग्रज एकाच दिवसाला दोन तारखा लिहीत होते. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजांच्या जुन्या, सीझरच्या गणनेतली आहे. शके १५९६ ची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी पोपच्या गणनेने १६ जूनला येते.